वीस फुटी गॅरेज, अठरा फुटी गाडी

मागच्या ऑगस्टमध्ये मामा आमच्याकडे मिशिगनला आला होता. गॅरेजचं दार वर गेलं, गाडी दिसली, तर आधी काहीच बोलला नाही, पुढून मागे चालत गेला, मग मागून पुढे आला, बोनेटवर थाप मारली आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

लिटरला पाच. हायवेला, वारा मागून असला तर सहा.

"मग कशाला रे पोसतोस?"

ह्याचं उत्तर तेव्हा मला नीट देता आलं नाही. गाडी म्हणजे १९६५ ची शेवरोले इंपाला, चार दारांची, माझ्यापेक्षा वयाने चांगलीच मोठी. तेव्हापासून ऑफिसातले, मंडळातले, नात्यातले बरेच जण विचारतात की ह्या जुन्या लांबलचक अमेरिकन गाड्यांमध्ये एवढं काय असतं, घ्यायची तर काय बघायचं, आणि हमखास एक प्रश्न, "त्यात नवीन इंजिन टाकता येतं ना?" येतं. पण आधीच सांगून ठेवतो, ह्या गाडीत कुठलीच वस्तू एकटी बदलता येत नाही. जुन्या वाड्यात नवीन संडास काढायला घेतला की पाइपलाइन बदला, पाइपलाइनसाठी फरशी उखडा, फरशी उखडली की भिंतीचा पाया उघडा पडतो, तसलं काम आहे हे. ते कसं, एवढंच समजावून सांगायचंय.

ह्या गाड्यांना फुल-साईझ म्हणतात, पण मुळात हा शब्दच उशिरा आला. १९५९ पर्यंत अमेरिकेत साध्या माणसाने शेवरोले, फोर्ड किंवा प्लिमथ घेतली की साधारण एकाच मापाची गाडी मिळायची, मोठी, तिला वेगळं नाव द्यायची कुणाला गरजच नव्हती. १९६० च्या मॉडेलला फोर्डची फाल्कन, शेवरोलेची कॉर्व्हेअर, क्राइस्लरची व्हॅलियंट अशा छोट्या गाड्या आल्या, पाठोपाठ मधल्या मापाच्या आल्या, आणि मग पहिल्यापासून जी होती तिला फुल-साईझ म्हणायला लागले. धाकटी सून घरात आली की पहिली आपोआप थोरली होते ना, तसंच.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. माझी गाडी २१३ इंच, म्हणजे ५.४ मीटर लांब. स्विफ्ट ३.८६ मीटर आहे, फॉर्च्युनर ४.८ च्या आसपास. रुंदी दोन मीटरच्या थोडी वरच. १९५९ ची कॅडिलॅक तर २२५ इंच, ५.७ मीटर. आमचं गॅरेज वीस फूट खोल आणि गाडी पावणेअठरा फूट, उरलेल्या सव्वादोन फुटांत मी, टूलबॉक्स किंवा बायकोचे लोणच्याचे रिकामे डबे, ह्यातलं कुणीतरी एकच मावतं.

एवढ्या मोठ्या का करायचे, तर करायला अडवणारं काही नव्हतं म्हणून. साठच्या दशकात पेट्रोल गॅलनला तीसेक सेंट, १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैल हायवेचं जाळं विणायला घेतलेलं, रस्ते सरळ आणि रुंद, आणि त्या रस्त्यांवर दिवसभर न थकता चालवायची तर गाडी लांब, मऊ आणि शांतच पाहिजे. शिवाय ह्यातल्या बहुतेक गाड्या ट्रकसारख्या बांधायच्या, खाली लोखंडी फ्रेम, तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी. त्यामुळे खालचं तेच ठेवून वरचा पत्रा दरवर्षी बदलता यायचा, आणि गेल्या वर्षीची गाडी यंदा जुनी दिसायला लागायची, जे कंपन्यांना हवंच होतं. जनरल मोटर्सच्या डिझाईनचा प्रमुख हार्ली अर्ल, त्याने लढाईतलं पी-३८ विमान बघितलं आणि त्याची दोन शेपटं डोक्यात ठेवून १९४८ च्या कॅडिलॅकला मागे छोटे पंख दिले. छोटेच होते हो, उंचवटे म्हणा. पण मग दरवर्षी थोडे थोडे वाढवत १९५९ ला कॅडिलॅकचे पंख एवढे उंच झाले की मागून बघताना गाडी आता उडेल असं वाटावं, प्रत्येक पंखाला बंदुकीच्या गोळीसारखे दोन दोन लाल दिवे. त्यानंतर उतरती कळा. पंखांची, गाड्यांची नाही.

गाड्यांना उतरती कळा १९७३ च्या तेलसंकटाने लागली. १९७७ ला जनरल मोटर्सने आपल्या मोठ्या गाड्या जवळपास फूटभर आखूड आणि तीनेकशे किलो हलक्या केल्या. त्याही चांगल्याच होत्या, पण फ्रेमवर बॉडी बसवलेली सेडान हा प्रकारच हळूहळू आटत गेला, जनरल मोटर्सच्या शेवटच्या १९९६ ला बनल्या आणि फोर्डची क्राऊन व्हिक्टोरिया, ती पोलिसांची आणि टॅक्सीवाल्यांची, २०११ पर्यंत टिकली.

बघायचं काय, हे कळलं की ह्या गाड्यांची खरी मजा सुरू होते. साठच्या दशकात एकाच सांगाड्यावर शेवरोलेच्या पायऱ्या होत्या, सगळ्यात साधी बिस्केन, मग बेल एअर, मग इंपाला, आणि १९६५ च्या मध्यापासून वर कप्रीस. इंजिन तेच, फ्रेम तीच. मग शेजाऱ्याला कळायचं कसं की आपण वरची घेतलीय? मागचे दिवे मोजून. माझ्या गाडीला मागे प्रत्येक बाजूला तीन गोल दिवे आहेत, त्याच वर्षीच्या बिस्केन आणि बेल एअरला दोन दोन. हे एवढंच मी मामाला सांगितलं तर तो म्हणाला, आपल्याकडे लुगड्याचा काठ बघायचे तसं. अगदी तसंच.

दुसरी बघायची गोष्ट हार्डटॉप. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मध्ये छपराला टेकू देणारा जो खांब असतो तो ह्या प्रकारात नसतोच. चारी काचा खाली केल्या की पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत सगळं मोकळं, ओसरीवर बसल्यासारखं. दिसायला इतकं देखणं दुसरं काही नाही, पण खांब नसल्यामुळे काचा थेट एकमेकींना आणि वरच्या रबराला टेकवाव्या लागतात, आणि ते रबर साठ वर्षांत दगड झालेलं असतं. पावसात माझ्या डाव्या मांडीवर एक थेंब ठराविक वेळाने पडतो. आता सवय झालीय.

आता ताकदीचा विषय, कारण इथे भले भले फसतात. जुन्या जाहिराती वाचल्या की वाटतं बाप रे, ४०० हॉर्सपॉवर. १९७० ला कॅडिलॅक एल्डोराडोत ५०० क्युबिक इंचांचं म्हणजे ८.२ लिटरचं इंजिन आलं, ताकद ४०० सांगितली. १९७२ ला त्याच मापाच्या इंजिनाची ताकद छापली २३५. मधल्या काळात चोरी झाली नाही. आधी इंजिन स्टँडवर एकटं चालवून मोजायचे, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, डायनॅमो नाही, म्हणजे पैलवानाला लंगोटावर तोलायचं तसं. १९७२ पासून गाडीत बसवतो तसं, सगळं सामान लावून मोजायला लागले. त्यात १९७१ पासून कमी ऑक्टेनच्या, शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशनही उतरवलं होतं, त्यानेही थोडी गेलीच. त्यामुळे माझ्या २८३ क्युबिक इंचांच्या, ४.६ लिटरच्या इंजिनाची छापील ताकद १९५ असली तरी ती आजच्या १९५ शी ताडून बघू नका. क्युबिक इंचाला १६.४ ने गुणलं की सीसी मिळतात, एवढं लक्षात ठेवलं की अमेरिकन माणसांच्या गप्पांत मान डोलवता येते. आणि खरं सांगायचं तर ह्या इंजिनांचा गुण ताकदीत नाहीच, खालच्या आरपीएमला मिळणाऱ्या ओढीत आहे. सिग्नल सुटला, पाय नुसता ठेवला, की गाडी आवाज न करता निघते, बैलगाडी उताराला लागावी तशी.

घ्यायची असेल तर इंजिन शेवटी बघा. इंजिन सुधारता येतं, कारण शेवरोलेचं हे छोटं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, १९५५ पासून इतकं बनलंय की त्याचा एकेक नट आजही नवा मिळतो. १९६५ ला एका वर्षात दहा लाखांवर इंपाला खपल्या, म्हणून तिचे रबर, गालिचे, मडगार्ड, सगळं अजून कुणी ना कुणी बनवतं. तेच तुम्ही ब्युईक नाहीतर मर्क्युरी घेतलीत तर इंजिनचं सामान मिळेल, पण दारावरची एक चमकती पट्टी शोधायला दोन वर्षं लागतील. ट्रिम, म्हणजे ह्या असल्या पट्ट्या वगैरे, पूर्ण असलेली गाडी दोन पैसे जास्त देऊन घ्या, खरंच सांगतो.

आणि गंज. डेट्रॉईट शहराच्या खाली मिठाची खाण आहे, खरोखरची, आणि थंडीत बर्फ वितळवायला आमच्या रस्त्यांवर मीठच टाकतात, त्यामुळे मिशिगनच्या जुन्या गाडीचा पत्रा म्हणजे पापड. म्हणून माझी ॲरिझोनाहून आणली. तिथे ऊन डॅशबोर्ड तडकवतं पण लोखंडाला हात लावत नाही. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत, मागच्या काचेखालची पन्हळ, डिकीचा तळ, मागच्या चाकाच्या मागचा पत्रा, आणि बॉडी जिथे फ्रेमला बोल्टने जोडलीय ते कोपरे. खिशात छोटं मॅग्नेट ठेवा, फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लोखंड नाही, पुट्टी आहे. मालकाचा चेहरा बघू नका, मॅग्नेट बघा.

आता ब्रेक. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

गाडी साधारण सोळाशे-सतराशे किलो, चारी चाकांना ड्रम ब्रेक. ड्रममध्ये काय होतं, की फिरणाऱ्या डब्याच्या आतून दोन लायनर बाहेरच्या बाजूला दाबले जातात, आणि डबा फिरता फिरता लायनरला आणखी स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. पहिला ब्रेक झक्कास लागतो. गडबड दुसऱ्या-तिसऱ्या ब्रेकला आहे. वेग म्हणजे ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ताशी ५० मैलांवरून थांबायला जेवढी उष्णता तयार होते त्याच्या जवळजवळ दुप्पट ७० वरून. ती सगळी त्या बंद डब्यात. डबा तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो, पॅडल खाली खाली जातं आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. डिस्कमध्ये उलटं, चकती उघडी असते, वारा लागतो, आणि तापून जाड झाली तरी पॅडच्या दिशेनेच होते.

त्याहून वाईट म्हणजे १९६६ पर्यंतच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत ब्रेक ऑइलची एकच टाकी, एकच सर्किट. चारातली एक नळी फुटली की चारी ब्रेक गेले. कॅडिलॅकने १९६२ लाच दोन वेगळी सर्किटं दिली होती, जनरल मोटर्सच्या बाकी गाड्यांना १९६७ च्या मॉडेलला मिळाली. त्यामुळे माझ्या मते १९६६ किंवा आधीची गाडी रोज रस्त्यावर काढायची असेल तर पहिला खर्च हा, दुहेरी मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडल दाबलं की दोन्ही सर्किटांत वेगवेगळा दाब तयार करणारा भाग. रंग नाही, इंजिन नाही, गाण्याची सिस्टिम तर नाहीच नाही.

मी केला ना तो खर्च. दुहेरी मास्टर सिलिंडर आणला, पुढच्या चाकांना डिस्क बसवल्या, दोन शनिवार-रविवार गेले, पॅडल दगडासारखं घट्ट, खूश होऊन पंधरा मैल फिरून आलो, आणि घराच्या वळणावर करपट वास. उतरून पुढच्या चाकाजवळ हात नेला तर धग, तवा तापल्यावर येते तशी. गाडी ढकलून बघितली तर हलेना. झालं होतं असं की मास्टर सिलिंडर दुहेरी होता पण ड्रमवाल्या गाडीचा, स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला. ड्रममध्ये स्प्रिंग लायनरला मागे ओढत असते, म्हणून नळीत थोडा दाब, साधारण १० पीएसआय, कायम राहावा यासाठी मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक बारीकसा व्हॉल्व्ह असतो. डिस्कला स्प्रिंग नसते. तिथे तो १० पीएसआय म्हणजे ब्रेकवर सतत पाय ठेवून गाडी चालवणं. मटारच्या दाण्याएवढा रबरी व्हॉल्व्ह, आणि पंधरा मैलांत नव्याकोऱ्या चकत्या निळ्या पडल्या. चूक शंभर टक्के माझी, कागदावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

आणि इथून पुढे ते वाड्याचं सुरू होतं. डिस्कला स्वतःहून ओढून घेण्याचा गुण नसतो, म्हणून पायाला जोर जास्त लागतो, म्हणून पायाच्या जोरात भर घालणारा व्हॅक्युम बूस्टर लावा. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं (एसटीत उभं राहून प्रवास केलेल्याला हे शिकवायची गरज नाही), मागची चाकं हलकी होतात आणि मागचे ड्रम त्यांना जागच्या जागी धरून ठेवतात, मग गाडीची शेपूट पुढे यायला बघते, म्हणून मागचा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावा. डिस्कचा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा पंजा, जुन्या १४ इंची रिमच्या आत बसेलच असं नाही, माझा नाही बसला, म्हणून १५ इंची रिम आणा. रिम बदलली की टायर बदला, टायरचा व्यास बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलतो. एक ब्रेक सुधारायचा होता हो फक्त.

टायरचं निघालंच आहे तर, जुन्या गाड्यांना क्रॉस प्लाय टायर असायचे, ते रस्त्यावरची प्रत्येक खाच पकडून गाडीला तिकडे नेतात. रेडियल घाला, पांढऱ्या पट्टीचे रेडियलही मिळतात, शोभा जात नाही. फक्त अलाइनमेंटवाल्याला १९६५ च्या पुस्तकातले आकडे देऊ नका. ते त्या टायरांसाठी होते, आता कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांच्या कलाचा एक कोन, वाढवून घ्यायचा म्हणजे गाडी सरळ धरते आणि वळल्यावर स्टिअरिंग स्वतःहून मागे येतं.

दुसरी मोठी गोष्ट गिअरबॉक्स. माझ्या गाडीत मूळचा पॉवरग्लाइड आहे, ऑटोमॅटिक, आणि गिअर किती, तर दोन. दोनच. ऐकणाऱ्याला वाटतं मी चेष्टा करतोय. पहिला सुटायला, दुसरा बाकी आयुष्याला. पहिल्याचा रेशो १.८२, मागच्या डिफरन्शियलचा ३.३६, गुणाकार साधारण ६.१. म्हणजे इंजिनची ओढ चाकापर्यंत जाताना सहापट होते, बस. आणि वरच्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना, म्हणजे ११२ किलोमीटरला, इंजिन तीन हजार आरपीएमवर भणभणत असतं, पेट्रोल पीत. लोक इथे काय करतात की इंजिन मोठं टाकतात. मी म्हणतो गिअरबॉक्स बदला आधी. जनरल मोटर्सचाच १९८२ पासूनचा सेव्हन-हंड्रेड-आर-फोर नावाचा चार गिअरचा बॉक्स आहे, त्याचा पहिला ३.०६, म्हणजे गुणाकार १०.३, आणि चौथा ०.७०, म्हणजे त्याच ७० मैलांना इंजिन जेमतेम एकवीसशेवर. तेच जुनं २८३, पण सुटताना जवळपास पावणेदोनपट ओढ आणि हायवेला डुलकी. गिअरवाली सायकल ज्याने घाटात चालवलीय त्याला हे लगेच पटेल, पाय तेच असतात, दातेरी चक्र बदलतं.

घ्यायचा तर १९८७ नंतरचा बघून घ्या, आधीचे जरा नाजूक होते. आणि ह्यातही वाडा आहेच, बॉक्स लांब म्हणून त्याच्याखालचा आडवा टेकू मागे सरकवा, मग मागे जाणारा शाफ्ट आखूड करून परत बॅलन्स करून घ्या. आणि एक केबल असते, कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत, तुमचा पाय किती दाबलाय ते बॉक्सला सांगणारी. ती अर्धा इंच चुकली की आत दाब कमी पडतो आणि क्लच प्लेटा जळतात, नवा बॉक्स थोड्याच दिवसांत बाद. माझा अजून खोक्यात आहे, त्या केबलच्या भीतीनेच.

बाकीचं भराभर सांगतो. गाडी तापते म्हणून लोक मोठा रेडिएटर आणतात, आधी बघा फॅनभोवतीचं ते नरसाळ्यासारखं कडं, श्राउड, जागेवर आहे का, कुणीतरी कधीतरी काढून फेकलेलं असतं आणि फॅन नुसताच हवा घुसळत बसतो. ठिणगी पाडणारे जुने पॉईंट आणि कंडेन्सर काढून तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं हे तासाभराचं काम, वरून कळतही नाही, डोळे मिटून करा. हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या बटणातून जातो, जास्त वॅटचे बल्ब टाकलेत तर बटण तापतं, म्हणून आधी रिले, म्हणजे करंट बटणाबाहेरून नेणारा स्विच, लावा. पेट्रोलमध्ये आता इथे दहा टक्के इथेनॉल, भारतात वीस, जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडून झिरपतात, नव्या प्रकारच्या घाला. शिसं पेट्रोलमधून गेल्यावर व्हॉल्व्हच्या सीट झिजतात हे खरं आहे, पण रविवारी फिरवणाऱ्याने त्यासाठी चांगलं चालणारं इंजिन उघडू नये, कधी उघडलंच तर तेव्हा कडक सीट घालून घ्यावी. आणि इथल्या पंपावर ८७ ऑक्टेन वाचून घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी, आपल्याकडच्या पद्धतीने ते साधारण ९१ भरतं.

आता तो "नवीन इंजिन" वाला प्रश्न. जनरल मोटर्सचं नव्या काळातलं, एलएस घराण्यातलं इंजिन बसतं, सुंदर चालतं, सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होतं. पण कार्बोरेटरला पेट्रोल पाच-सहा पीएसआयने लागतं आणि ह्याला ५८ लागतं, म्हणजे टाकीत नवा पंप, नव्या नळ्या, कॉम्प्युटर, वायरिंग, मोठा अल्टरनेटर. करावं, ज्याला रोज शंभर मैल जायचंय त्याने जरूर करावं. मला बोनेट उघडल्यावर इंजिन दिसायला पाहिजे, प्लॅस्टिकचं झाकण नको. ही फक्त आवड झाली, तर्क नाही.

एक भ्रम मात्र काढून टाका, की एवढं लोखंड म्हणजे गाडी सेफ. २००९ ला अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची मालिबू ताशी ४० मैलांनी समोरासमोर, अर्धवट बाजूने आपटवली. मालिबूच्या ड्रायव्हरच्या जागी पाय दुखावला असता. बेल एअरच्या ड्रायव्हरची जागाच उरली नाही. जुन्या गाडीत धक्का खाऊन चुरगळणारा भाग ठरवून दिलेला नसतो, स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीकडे रोखलेला असतो, आत दुमडणारा दांडा जनरल मोटर्सने १९६७ ला आणला. म्हणून मुलांना घेऊन मी हायवेला जात नाही, गावातल्या रस्त्यांनी आइस्क्रीम खायला जातो.

कौतुक बघायचं असेल तर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूला जुन्या गाड्यांची फेरी बघायला या. १९९५ ला फर्नडेलमध्ये फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे गोळा करायला सुरू झालेली ही फेरी आता डेट्रॉईटच्या उत्तरेला मैलोन्मैल पसरते, लोक रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसतात, वारीला बघायला बसावं तसे. वेग बैलगाडीचा, सगळ्यांना पेट्रोलचा वास, आणि पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाला येणाऱ्या गाडीचं साल आधी ओळखायचं असतं. मिशिगनमध्ये २५ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबर प्लेट स्वस्तात मिळते, अट अशी की ती फक्त प्रदर्शनं, परेड, क्लबचे कार्यक्रम एवढ्यासाठीच काढायची. आणि कायद्यातच म्हटलंय की ऑगस्ट महिन्यातलं चालवणं हे प्रदर्शनच समजावं. गाड्या बनवणाऱ्या राज्यालाच असला कायदा सुचू शकतो.

लॉस एंजलिसला मेक्सिकन वंशाच्या पोरांनी ह्याच इंपालांचं वेगळंच काही केलं. गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणायची आणि सावकाश मिरवायची. १९५८ ला कॅलिफोर्नियाने कायदा केला की रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली नको. तर त्यांनी विमानाचे हायड्रॉलिक पंप बसवले, पोलीस दिसला की बटण दाबून गाडी वर, गेला की खाली. त्यातून त्या उड्या मारणाऱ्या गाड्या आल्या. पुढे गावोगावी अशा मिरवण्यावरच बंदी आली, ती कॅलिफोर्नियाने उठवली २०२४ च्या १ जानेवारीपासून. मूळ अवस्था जपणारे लोक ह्यांना नाकं मुरडतात, मला ते पटत नाही, ज्या गाड्या कुणालाच नको होत्या त्या ह्या पोरांनी भंगारातून वाचवल्यात.

मुंबईचा ह्या सगळ्याशी संबंध जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ ला शिवडीला कारखाना काढला होता, तिथे सुट्या भागांतून शेवरोले जोडायचे, १९५४ ला तो बंद झाला. कुर्ल्याला प्रीमियरमध्ये डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जायच्या. फियाट येण्याआधीची मुंबईची टॅक्सी मामाने बघितलीय, गिरगावात अख्खं कुटुंब आणि वर बिस्तरा एका डॉजमध्ये बसायचा म्हणतो. भारतात अशी गाडी कुणाकडे असेल तर २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरमध्ये व्हीए अक्षरं, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं चालते. फक्त रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही, आणि चासी, बॉडी, इंजिन ह्यात मोठे फेरफार केलेले नकोत. म्हणजे वर जे काही मी सांगितलं त्यातलं नव्या इंजिनाचं तिथे विसरा.

मामाला शेवटी मी वुडवर्डला नेला. पुढची सीट एकसंध बाकडं आहे, तिघं बसतात, तो खिडकीशी, मधे माझा मुलगा. काचा खाली, कोपर बाहेर, आणि दोन तास तो ॲव्हरेजबद्दल एक अक्षर बोलला नाही, उलट पुढच्या गाड्यांचे मागचे दिवे मोजून "इंपाला... नाही रे, बेल एअर" असं पोराला सांगत होता. परतताना पेट्रोल त्यानेच भरलं, बिल बघितलं, घडी घालून खिशात ठेवलं.

गिअरबॉक्सचं खोकं ह्या हिवाळ्यातही बहुतेक उघडणार नाही. त्याआधी मागच्या काचेखालचं रबर बदलायचंय, डिकीत पाणी उतरतंय आणि स्टेपनीखाली ओल दिसली. परवा फडक्यात मॅग्नेट गुंडाळून बघितलं, चिकटतंय अजून.